हजेरी कापा, पण अडवू नका : बेळगाव जिल्ह्यातल्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना खुले पत्र

सर, मॅडम आणि संचालक मंडळातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना,

सा. न. वि. वि.

मी बीएससी तिसऱ्या वर्षाला आहे. गाव कारदगा, तालुका निपाणी, दूधगंगेच्या काठावर. कॉलेजसाठी बेळगावात वडगावला मावशीच्या घरी राहते. खाली नाव लिहिलेलं नाही कारण हे पत्र माझं एकटीचं नाही, आम्ही पाच कॉलेजची मिळून चाळीस-पंचेचाळीस पोरं-पोरी आहोत आणि ज्यांच्या घरी आधीच फोन गेलेत त्यांना अजून एक फोन जावा असं मला वाटत नाही.

विषय साधा आहे. हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा कोंडसकोप्प आणि बस्तवाडजवळ आंदोलन करणाऱ्यांसाठी मंडप घातलेले असतात, शेतकरी असतात, अंगणवाडीच्या बायका असतात, सगळे तिथे येऊन बसतात. येत्या अधिवेशनात एका शुक्रवारी दुपारी आम्ही पण तिथे तीन तास बसणार आहोत, शांतपणे, हवामान बदल, पूर, बेळगाव शहराचा बळ्ळारी नाला आणि खानापूरचं जंगल हे विषय घेऊन. पोलिसांकडे रीतसर परवानगी मागणार आहोत. एवढंच ठरलं होतं. ठरल्याच्या तिसऱ्या दिवशी एका कॉलेजच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला की कुठल्याही आंदोलनात दिसलात तर इंटर्नल मार्क आणि हजेरीचा विचार होईल, आणि त्याच संध्याकाळी सात-आठ जणांच्या घरी फोन गेले की तुमची मुलगी, तुमचा मुलगा राजकारणात पडायला लागलाय, लक्ष ठेवा. कॉलेजचं नाव मी घेत नाही, कारण हे एका कॉलेजचं नाही, आज तिथं झालं उद्या दुसरीकडे होईल, म्हणून सगळ्यांनाच लिहितेय.

माझ्या पप्पांनाही असाच फोन गेला. ते रागावले नाहीत, घाबरले. म्हणाले, बाळ, केस पडली तर पासपोर्ट, पोलिस व्हेरिफिकेशन, नोकरी, सगळं अडकतंय, आपल्या भागातलं तुला माहीत आहे. माहीत आहे मला. आमच्या इथे प्रत्येक गल्लीत एक तरी असा काका असतो ज्याच्यावर भाषेच्या आंदोलनातली जुनी केस आहे आणि जो अजून कोर्टाच्या तारखेला जातो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून आमच्या भागात रस्त्यावर चार माणसं बोर्ड घेऊन उभी राहिली की पहिला प्रश्न हाच येतो की बोर्ड कुठल्या भाषेत आहे. तुमची भीती मला खोटी वाटत नाही. संस्था चालवायची म्हटल्यावर सगळीकडून दबाव असतो, तुम्हाला सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागतं हे कळतं. पण म्हणूनच हे पत्र लिहावंसं वाटलं, कारण ही पहिलीच गोष्ट आहे माझ्या बघण्यात जिथे आमच्या भागातली मराठी आणि कन्नड पोरं एकाच सतरंजीवर बसायला तयार झालीत आणि ती सतरंजी तुम्ही ओढून घेऊ नका.

हे सुरू कसं झालं ते सांगते. 2019 च्या ऑगस्टमध्ये मी नववीत होते. पाऊस थांबत नव्हता, खरं आमच्याकडे पावसाची भीती कुणाला नसते, भीती नदीची असते. पाणी पुढून येईल म्हणून पप्पा आणि चुलते पुढच्या दारात बॅटरी घेऊन बसलेले आणि पाणी आलं मागून, उसातून. आवाज नाही काही नाही. मागच्या परड्यात म्हैस उठून उभी राहिली आणि दावं ओढायला लागली म्हणून आईने कंदील नेऊन बघितलं तर तिचे खूर पाण्यात. त्या रात्री दोन म्हशी आणि एक रेडकू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून शाळेच्या उंचवट्यावर नेलं, जोंधळ्याची पोती माळ्यावर टाकली, माझं दप्तर मीच फळीवर ठेवलं होतं, वाटलं फळीपर्यंत काय पाणी येतंय. आठ दिवसांनी घरात पाय टाकला तेव्हा भिंतीवर लाईटच्या बोर्डाच्या वर गाळाची रेघ होती. कुजलेल्या उसाचा वास अजून नाकात आहे. वह्या फुगून उशीसारख्या झालेल्या. शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून आईने त्या कपड्यांसारख्या चिमटे लावून वाळत घातल्या. विज्ञानाची वही वाळली पण पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच.

दोन वर्षांनी परत तेच. 2021 ला कोरोनामुळे दहावीची परीक्षा दोनच दिवस होती, 19 जुलै आणि 22 जुलै. बावीस तारखेला भाषांचा पेपर होता, मराठी, इंग्लिश, कन्नड एकाच दिवशी. पेपर देऊन बाहेर आलो तर पुलावर पाणी चढायला लागलेलं, आणि त्यानंतर यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी नॅशनल हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळूर रस्ताच बंद झाला. आम्हाला ज्या शाळेत नेलं तिथे बाहेर कन्नडमध्ये बोर्ड लावला होता. मी अक्षरं जुळवून वाचलं, काळजी केंद्र. सरकारी कन्नडमध्ये पूरग्रस्तांच्या निवाऱ्याला काळजी केंद्र म्हणतात. आमचाच शब्द, त्यांचाही तोच.

कॉलेजला आल्यावर लॅबमध्ये माझी पार्टनर निघाली गोकाकची. कन्नड मीडियमची. पहिले दोन महिने आम्ही फक्त ब्युरेट धर, रीडिंग घे एवढंच बोलायचो. एकदा पावसावरून विषय निघाला आणि तिने सांगितलं की 2019 ला घटप्रभेचं पाणी गोकाकमध्ये आलं, लोळसूरच्या पुलावरून गेलं, त्यांच्या दुकानातली शिवणयंत्रं पाण्यात गेली. मी तिला आमच्या वह्यांचं सांगितलं. ती म्हणाली, तिच्या आईने पण वह्या दोरीवर घातल्या होत्या. त्या दिवसापासून आम्ही डबा एकत्र खातो. मग खानापूरचा एक मुलगा आला, अथणीची एक मुलगी आली, शहापूरचे दोघं आले ज्यांची शेती बळ्ळारी नाल्याला लागून आहे. कुणी आम्हाला जमवलं नाही, कुठल्या पक्षाचा माणूस आमच्यात नाही, संघटना नाही. ज्याच्या त्याच्या घरात पाण्याची रेघ आहे एवढंच आमचं सभासदत्व.

वडगावला मावशीकडे येऊन बघा कधीतरी जूनच्या शेवटी. मावशीच्या मिस्टरांची पावणेदोन एकर भातशेती नाल्याजवळ आहे. हीच ती जमीन, वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूरचं शिवार, जिथला बेळगाव बासमती नावाजलेला, शिजला की शेजारच्या घरापर्यंत वास जायचा. नाला गाळाने आणि जलपर्णीने भरलेला, वरून शहराचं सगळं सांडपाणी, एक जोराचा पाऊस झाला की पाणी बांध ओलांडून शेतात. पेरलेलं कुजतं, काका दुबार पेरणी करतात, तीही गेली की मग गप्प बसतात. नाल्याचं काम करा म्हणून शेतकरी किती वर्षं निवेदनं देतायत. मी स्वतः काकांबरोबर एकदा गेले होते, एका ऑफिसात, निवेदन घेतलं, शिक्का मारला, पोच दिली. पोच काकांनी देवघरातल्या फोटोमागे ठेवलीय. आणि 2023 ला उलटंच झालं. राज्यातल्या 236 पैकी 223 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप तलावाचं पाणी आटलं, वडगावात आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही, मावशी पहाटे तीनला उठून घागरी लावायची. जिच्या घरात 2019 ला पाणी शिरलं होतं ती मी आता पाणी मोजून पीत होते.

हे असं का होतं हे आम्ही पुस्तकातच शिकलो, तुमच्याच वर्गात. हवा एक डिग्रीने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. पृथ्वीचं सरासरी तापमान शंभर-सव्वाशे वर्षांत एक डिग्रीच्या वर चढलं आहे आणि 2024 हे आजपर्यंत नोंदलेलं सगळ्यात उष्ण वर्ष होतं. आपल्याला लागून असलेला अरबी समुद्र तापतोय, त्याच्यावरून येणारी हवा जास्त पाणी घेऊन येते आणि ते थोडं थोडं न पडता एकदम ओतते, मधे मग मोठा खंड. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2017 ला दाखवलं की मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 मध्ये तिपटीने वाढल्या. महिन्याची बेरीज केली तर पाऊस सरासरीएवढा दिसतो, पण तो चार दिवसांत पडलेला असतो आणि भाताला त्या बेरजेचा काही उपयोग नसतो.

एका सरांनी आम्हाला अगदी मायेने सांगितलं की अगं पर्यावरणाचं काम करायचं तर झाडं लावा, पाच जूनला कार्यक्रम घेऊ, मी स्वतः येतो, ते मंडपात बसणं कशाला. सर, झाडं आम्ही लावलीत. तीन वर्षं लावलीत, गेटच्या उजव्या बाजूला, पहिल्या वर्षीचं करंज एप्रिलमध्ये वाळलं म्हणून दुसऱ्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं लावलं आणि यावर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चौघींनी पाळ्या लावून कॅनने पाणी घातलं तेव्हा कुठे ते जगलंय. झाडं लावणं सोडणार नाही. पण नाला किती रुंद करायचा, रस्ता पिकाऊ जमिनीतून न्यायचा की बाजूने, कुठल्या जंगलाला संरक्षण द्यायचं, हे आम्ही खड्डा खणून ठरत नाही, ते त्या हलग्याच्या इमारतीत ठरतं. म्हणून तिथे बसायचंय.

आणि आपल्या भागाची अजून एक गोष्ट आहे जी बेंगळूरच्या पोरांना नाही. आपलं पाणी दोन राज्यांतून येतं. महाराष्ट्रातल्या कोयना, राधानगरी, काळम्मावाडी, पाटगाव या धरणांतून पाणी सुटलं की कल्लोळ-यडूरचा बंधारा पाण्याखाली जातो, जत्राट-भिवशी जातो, अकोळ-सिदनाळ जातो, आमचा कारदगा-भोज जातो. पूर आला की सांगली-कोल्हापूरची माणसं खालच्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवतात, अलमट्टीची पाणी साठवायची पातळी 519.6 मीटरवरून 524.256 मीटर करायची म्हणून वाद सुरूच आहे, आणि आमच्याकडची माणसं वरच्या धरणांकडे बोट दाखवतात. मधे आम्ही. मराठी बोलणारे कर्नाटकातले. आमचे निम्मे पाहुणे नदीच्या त्या बाजूला आहेत, पुराच्या रात्री आत्याचा फोन कागल तालुक्यातून येतो की इकडे एवढं चढलंय, तुमच्याकडे चार-पाच तासांत येईल, आणि खरंच येतं. आत्याचा फोन सरकारी मेसेजच्या आधी येतो. आमची एक मागणी एवढीच आहे की दोन्ही राज्यांनी धरणाच्या विसर्गाचा आकडा नदीकाठच्या प्रत्येक गावाला मराठीत आणि कन्नडमध्ये, वेळेवर कळवावा. याच्यात कुठलं राजकारण आहे?

आमच्यात सगळं गोडीगुलाबीने चाललंय असं मी म्हणणार नाही. म्हादई नदीचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेवरून जोरदार भांडण झालं. खानापूरच्या मुलाचं गाव कणकुंबीच्या बाजूला, जिथे मलप्रभा उगम पावते, तो म्हणतो कळसा-भांडुराच्या कामाने आमचं जंगल कोरून काढताय. सौंदत्तीची एक मुलगी म्हणाली आमच्याकडे मलप्रभेवरचं नविलुतीर्थ धरण भरत नाही, हुबळी-धारवाडला प्यायला पाणी पाहिजे, 2018 ला म्हादईच्या पाणीवाटपाच्या ट्रिब्युनलने कर्नाटकाला 13.42 टीएमसी दिलंय ते का सोडायचं. दोघंही रडवेले झाले. शेवटी ठरलं की या मुद्द्यावर बोर्ड लिहायचा नाही, पण खानापूरजवळच्या भीमगडच्या जंगलावर लिहायचा, कारण ते जंगल टिकलं नाही तर मलप्रभेलाही पाणी नाही आणि म्हादईलाही नाही, हे दोघांना पटलं. भीमगड 2011 ला अभयारण्य झालं, राटनची वटवाघळं तिथल्या बारापेडेच्या गुहांत राहतात, जगात फार थोड्या ठिकाणी आहेत ती. ही दोघं त्या दिवशी मंडपात शेजारी शेजारी बसणार आहेत. असं शेजारी बसायला आमच्या आईबापांच्या पिढीला जमलं नाही, हे मी दोष म्हणून लिहीत नाही, त्यांचे प्रश्न वेगळे होते.

बोर्ड रंगवताना एक झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. मावशीच्या गच्चीवर आम्ही पुठ्ठे घेऊन बसलेलो, गोकाकची मैत्रीण एका पुठ्ठ्यावर कन्नडमध्ये लिहीत होती आणि मी तिच्या खाली त्याचंच मराठी लिहिणार होते. मी विचारलं काय लिहिलंस, ती म्हणाली, मर उळिसी. मी दचकलेच. कन्नडमध्ये मर म्हणजे झाड. झाडं वाचवा. मराठीत मर म्हणजे मर. तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ त्या पुठ्ठ्याकडे बघत बसली, मग म्हणाली, तुमच्या भाषेतला अर्थ पण बरोबरच आहे की, झाडं गेली तर तेच होणार. तो पुठ्ठा आम्ही बदलला नाही. वर तिचं कन्नड, खाली माझं मराठी, आणि सगळ्यात पुढे तोच धरायचा ठरलाय.

आता राजकारण या शब्दाबद्दल. माझ्या आज्जीचं माहेर निपाणीजवळचं, तंबाखूच्या पट्ट्यातलं. 1981 ला शरद जोशींच्या मागे तंबाखूचे शेतकरी भाव मागायला हायवेवर बसले, कित्येक दिवस बसले, त्या जागेला आंदोलननगर नाव पडलं, तिथे बायका चूल मांडून भाकऱ्या करायच्या. आज्जी तेव्हा नवीन लग्न झालेली, माहेरी आलेली, ती पण होती. 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. आज्जी ते सांगताना दर वेळी एकाच ठिकाणी थांबते, पुढचं सांगत नाही. पप्पांना फोन आला त्या रात्री मी तिला विचारलं, आज्जी, मी जाऊ का नको. ती म्हणाली, "आगं आम्ही दराला बसलो तवा आम्हालाबी म्हणालेच की राजकारण करायलीत म्हणून. तुमचं तर पाण्याचं हाय. पाणी काय कुणाच्या पक्षाचं हाय व्हय?" मग पप्पांना म्हणाली, "पोरीस्नी जाऊ दे." पप्पा काही बोलले नाहीत पण सकाळी मला स्टँडवर सोडताना शंभर रुपये दिले, बोर्डाला रंग आण म्हणाले.

जवळचंच अजून सांगते. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, सिरसीजवळ सालकणीला 1983 ला गावातली पोरं आणि बायका झाडांना मिठी मारून उभी राहिली, त्यालाच अप्पिको म्हणतात, अप्पिको म्हणजे कन्नडमध्ये मिठी मार. तिथे पुढाकार घेणारी गावातल्या युवक मंडळाची पोरं होती. आज आपण ते पाठात शिकवतो. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत आरेची झाडं तोडायला लागले, दोन हजारांवर झाडं एक-दोन रात्रींत पडली, तेव्हा लॉ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं आणि सुप्रीम कोर्टाने दसऱ्याच्या सुट्टीत बसून पुढची तोड थांबवली. ते पत्र विद्यार्थ्यांचं होतं. स्वीडनमधली ग्रेटा थनबर्ग 2018 च्या ऑगस्टमध्ये एकटीच बोर्ड घेऊन संसदेबाहेर बसली तेव्हा पंधरा वर्षांची होती, पुढच्या मार्चमध्ये शंभरावर देशांत दहा लाखांच्या वर मुलं रस्त्यावर होती. आम्ही ग्रेटाची नक्कल करायला लागलोय असं एका मॅडमनी म्हटलं. तसं नाही मॅडम. तिने पेपरात वाचून सुरुवात केली असेल, आम्ही गाळ काढून केलीय.

तुमच्या मनात दिशा रवीचं नाव येत असणार, आमच्या घरच्यांच्याही आलं. बेंगळूरची बावीस वर्षांची मुलगी, 2021 च्या फेब्रुवारीत शेतकरी आंदोलनाच्या ऑनलाइन टूलकिटवरून दिल्ली पोलिसांनी नेली. हो, भीती वाटते. पण दहाच दिवसांत कोर्टाने तिला जामीन दिला हेही त्याच गोष्टीतलं आहे, ते फोनवर सांगताना कुणी सांगत नाही. घटनेच्या कलम 19 मध्ये शांतपणे, विनाशस्त्र जमायचा हक्क आहे. 51 अ मध्ये जंगल, तळी, नद्या यांचं रक्षण करणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य लिहिलंय, ते शाळेच्या पुस्तकात पहिल्या पानाजवळ छापलेलं असतं. आणि 2024 च्या मार्चमध्ये माळढोक पक्ष्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून सुरक्षित राहणं हा कलम 14 आणि 21 मधूनच येणारा हक्क आहे. आमच्या अर्जात हे सगळं लिहिलंय, एका लॉच्या सिनियरने तपासून दिलंय.

आणि हे तुम्हीच शिकवता हो. एम. सी. मेहतांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 1991 ला पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांत सक्तीचा करायला सांगितला, म्हणून तर प्रत्येक डिग्रीला, बीए असो बीकॉम असो, पर्यावरणाचा पेपर आहे. मला पहिल्या वर्षी त्यात पर्यावरण रक्षणात विद्यार्थ्यांची भूमिका असा प्रश्न आला होता. मी चार पानं लिहिली, त्यात जनजागृती, लोकसहभाग, सनदशीर मार्गाने प्रशासनाकडे पाठपुरावा असं सगळं होतं आणि मला चांगले मार्क पडले. ज्या सरांनी ते मार्क दिले त्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे. मी फक्त त्या चार पानांत लिहिलेलं करायला निघालेय.

मागण्या फार मोठ्या नाहीत. विसर्गाचं वर लिहिलंच. बळ्ळारी नाल्याचा गाळ मेच्या आत काढावा आणि किती काढला ते नाल्याच्या काठावर बोर्ड लावून लिहावं. कर्नाटकात 1976 पासून झाडांचा कायदा आहे, पन्नासपेक्षा जास्त झाडं तोडायची असतील तर लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, ती नोटीस खानापूर, बेळगाव, निपाणी भागात मराठीतही लागावी, कारण ज्या आजोबांच्या बांधावरची चिंच जाणार आहे त्यांना कन्नड वाचता येत नसेल तर ते हरकत कशी घेणार. आणि पश्चिम घाटाच्या संरक्षणाचं. गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन समितीचा 2013 चा, केंद्राने घाटातल्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा काढायचा आणि राज्याने नको म्हणायचं असं चाललंय, 2024 ला वायनाडमध्ये डोंगर खाली आला त्यानंतरही राज्याच्या कॅबिनेटने नकोच म्हटलं. खानापूर तालुक्यातली गावं त्या मसुद्यात आहेत. तिथल्या लोकांना भीती आहे की शेती करू देणार नाहीत, घर बांधू देणार नाहीत, ती भीती रास्त आहे, म्हणून आमचं म्हणणं एवढंच की अहवाल मराठी-कन्नडमध्ये गावात वाचून दाखवा, ग्रामसभेत बोला, आणि मग ठरवा. बंद खोलीत नको म्हणू नका आणि बंद खोलीत हो पण म्हणू नका.

तुमच्याकडे काय मागायचं आहे? त्या दिवशी दुपारच्या तासांची आमची गैरहजेरी लावा. खरंच लावा, आम्ही सूट मागत नाही, प्रॅक्टिकल बुडणार असेल तर दुसऱ्या दिवशी लवकर येऊन करू. पण इंटर्नल मार्कांची धमकी देऊ नका, ते आमच्या अभ्यासाचे मार्क आहेत. घरी फोन करायचाच असेल तर करा, फक्त फोनवर राजकारण म्हणू नका, जे आहे ते सांगा, की तुमची मुलगी पुराबद्दल बोलायला बसणार आहे. ज्या मुली हॉस्टेलला आहेत त्यांना संध्याकाळी सहापर्यंत गेटमधून आत घ्या, कारण बस मिळायला उशीर होऊ शकतो. आणि तुमच्यापैकी कुणाला आमच्याबरोबर अर्धा तास येऊन बसावंसं वाटलं, प्राचार्य म्हणून नको, नुसते सर म्हणून, मॅडम म्हणून, तर आम्हाला जो आधार वाटेल तो शब्दांत सांगता येणार नाही. 2019 ला आमच्या गावच्या शाळेच्या बाईंनी शाळेचं कुलूप रात्री अकराला स्वतः येऊन उघडलं होतं. कुणाची परवानगी विचारायला वेळ नव्हता. म्हशी, माणसं, सगळी आत आली.

सोमवारी आमच्यातले दोघं-दोघं प्रत्येक कॉलेजच्या ऑफिसात येतील, परवानगीच्या अर्जाची कॉपी, मागण्यांचा कागद आणि येणाऱ्या मुलांची यादी घेऊन, सगळं मराठीत आणि कन्नडमध्ये. यादी तुमच्याकडेच ठेवा, बाहेर देऊ नका ही विनंती.

आणि एक राहिलं. आज्जी पण येते म्हणालीय. निपाणीहून सकाळच्या बसने येईल, पप्पा बरोबर आहेत. मंडपात खाली सतरंजीच असते आणि तिचे गुडघे दुखतात, तेव्हा कॉलेजच्या हॉलमधली एक खुर्ची तेवढी त्या दिवशी द्याल का, संध्याकाळी आम्ही आणून ठेवतो.

तुमची,
बीएससी तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी
(आणि बरोबरची सगळी)
वडगाव, बेळगाव